सामानापाशी

मेटाडोर थांबली आणि सगळ्यांनी आपापली पिशवी शकुबाईंच्या पायाशी आणून ठेवली. कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. पाण्याची कळशी, दशम्यांचा डबा, संत्र्यांची टोपली, सूनबाईची पर्स आणि सगळ्यात वर नवऱ्याची, यशवंतरावांची छत्री.

सौंसरच्या या घराला फिरण्याची हौस फार. संत्र्याचा बहार विकला गेला की यशवंतराव सगळ्यांना घेऊन निघत. शकुबाईंचा अजिंठा झाला होता, वेरूळ झालं होतं, भेडाघाटही झाला होता. अजिंठ्याचं विचाराल तर पायथ्याच्या चहावाल्याची थोरली कुठं दिली ते त्या सांगत. वेरूळला भज्यांत सोडा जास्त होता. भेडाघाटचा धबधबा त्यांनी ऐकला होता. पंच्याऐंशी सालची ही सहल पचमढीची. आज सकाळीच सारी मंडळी बी फॉलच्या दरीत उतरून न्हाऊन आली. शकुबाईंनी वर बसून त्यांचे ओले टॉवेल पिळले. धबधब्याचं तेवढंच पाणी त्यांच्या हाताला लागलं.

दोष द्यावा तर कुणाला? सामानावर टपलेली माकडं सगळीकडे असतात आणि शकुबाई कशाला नाही म्हणत नाहीत. या दोन गोष्टींवर घरच्या सहली सुखरूप चालल्या होत्या.

समोरच्या टेकडीत लेणी होती. लोक त्यांना पांडवांची म्हणत. मुलगा विजय पाटी वाचून म्हणाला की ती बौद्ध भिक्खूंची आहेत. मंडळी पायऱ्यांकडे वळली, तशा शकुबाई पदर खोचून उठल्या.

"आज मी बी येतो."

सून प्रतिभानं नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं बापाकडे आणि बापानं झाडावरच्या माकडाकडे.

"तू कायले येतं वं?" यशवंतराव म्हणाले. "नुसते दगडं हायेत आत."

"दगडंच पाहतो मंग. इतके वर्स तुमी काय पाहून येता, ते तं समजन."

"अन् सामान?"

शकुबाईंनी छत्री उचलून त्यांच्या हातात दिली. प्रतिभानं हसू पदराआड लपवलं. पंगतीत वाढायला लावलेल्या जावयासारखे यशवंतराव झाडाखाली बसले.

वरची खोली रिकामी होती. चित्र नाही, मूर्ती नाही. शकुबाईंची धान्याची कोठी तिच्याहून मोठी. विजय सांगत होता की भिक्खू पावसाळ्यात इथं राहत, जवळ एक भिक्षापात्र आणि अंगावरचं वस्त्र. सामानच नाही म्हणजे कुणाला बाहेर बसावं लागत नसेल, शकुबाईंच्या मनात आलं. त्यांनी गार भिंतीला हात लावून पाहिला. जे आत असेल म्हणून आपण इतकी वर्षं झुरलो ते हेच काय? त्या दाराकडे निघाल्या.

दारातून खालचं झाड दिसत होतं. यशवंतराव बसलेले नव्हते. पायऱ्यांवरून एखादं लुगडं उतरताना दिसलं की ते दोन पावलं पुढे येत, कपाळावर हात धरून बघत आणि दुसरीच कुणी निघाली की मागे सरत. एक माकड टोपलीतलं संत्रं घेऊन गेलं, त्यांना पत्ताच नव्हता. पुन्हा कुणी उतरलं, पुन्हा ते पुढे आले. हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. बायकोला नावानं हाक मारायची त्या माणसाला सवयच नव्हती.

शकुबाई दाराच्या दगडाला टेकून उभ्या राहिल्या.

"चाल ना आई," विजय मागून म्हणाला. "झालं ना पाहून. आता काय पाहून राहिली?"

"थांब बापू जरासा," शकुबाई म्हणाल्या. "तुहे बाबा माही वाट पाहून राहिले. पाहू दे त्यायले."