सीतेच्या वेणीचा नवस

कोंब परत गायब! काल संध्याकाळी बोटाच्या पेराएवढा होता, आज नुसता ठिपका उरलेला. दादासोनं परसात उभं राहून अशी आरोळी ठोकली की शेजारची शेळी दचकली.

"आवं, अख्खी वाई गोळा हुईल," चुलीपासनं रंगुबाई म्हणाली.

दादासो फौजेत हवालदार म्हणून आसामात होता तेव्हा तिथल्या पोरींच्या केसांत त्यानं हे फूल पाहिलं होतं. आपल्याकडे त्याला सीतेची वेणी म्हणतात. झाडाच्या फांदीवर वाढणारी आमरी, म्हणजे ऑर्किड ती, गुलाबी फुलांचा घोस हातभर लोंबतो. पेन्शनीत आल्यावर पाटणच्या बाजूला वाऱ्यानं पडलेल्या आंब्यावर त्याला ती सापडली. फांदीचा तुकडाच त्यानं आणून परसात टांगला. नळाचं पाणी तिला सोसत नाही म्हणून पावसाचं साठवून ठेवलं. रोज आधी तिची आंघोळ, मग ह्याची. पण बया काही फुलेना.

शेवटी म्हसवडला सिद्धनाथापुढं तो बोलून बसला, वेणी फुलेस्तोवर तंबाखूला हात लावणार नाही.

"आवं, वांगं सोडायचं की," रंगुबाई तिथंच म्हणाली होती. "तंबाखू तुमच्यानं सुटायची न्हाई."

झालं! गडी पेटला. डॉक्टरनं तोंडात बॅटरी मारून हजारदा सांगितलेलं ह्यानं कानाआड केलं होतं, पण देवाला दिलेला शब्द म्हणजे शब्द. तेव्हापासून हा तिसरा उन्हाळा. दर उन्हाळ्यात कोंब यायचा आणि फुलायच्या आत जायचा. बडीशेप चघळून दादासोचा जीव मेटाकुटीला आला होता. गोगलगायी असतील म्हणून त्यानं राख टाकून पाहिली, पाखरं असतील म्हणून जाळी लावून पाहिली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

आज तो सरळ शेजारी बाळासोच्या दारात गेला. "तुझी शेळी बांध, न्हाईतर मटण करीन तिचं!"

शेळी तेव्हा कुंपणापाशी रंगुबाईच्या पायात घोटाळत होती.

"फांदी डोक्याच्या वर टांगलीयास," बाळासो म्हणाला. "शेळीला काय शिडी लावून दिली मी?"

"मग तूच खुडलास!"

बाळासोचा चेहरा पडला. "मी? गड्या, तू सोडल्यापासनं एकटाच कट्ट्यावर चुना मळत बसतोय. लय वंगाळ वाटतं. तुझ्यापेक्षा मलाच फुलाची घाई हाय रं."

दादासो वरमला. खरंच होतं ते. बाळासो तर वेणी फुलावी म्हणून देवाला नारळ बोलला होता.

दोन दिवसांनी पानाच्या बेचक्यातून दुसरा कोंब डोकावला. दादासोला आनंदानं काय करू न् काय नको झालं. पण नेमकं मिलिटरी कॅन्टीनचं सामान आणायला साताऱ्याला जायचं होतं. त्यानं फांदी उचलून स्वयंपाकघराच्या खिडकीत, गजांच्या आतल्या बाजूला टांगली.

"रंगू, डोळ्यांत तेल घालून बघ. आता तुझ्याशिवाय माझा कुणावर भरवसा न्हाई."

"मला काय दुसरी कामं न्हाईत? ठिवा. पण फुलल्यावर त्या आसामातल्या पोरींचं पुराण माझ्यापुढं लावायचं न्हाई."

"न्हाई लावत. फुललं की पहिला बार तुझ्यासमोर भरतो बघ." दारातून तो परत वळला. "औंदा फुलंल न्हवं गं?"

"फुलंल की," रंगुबाई म्हणाली. "जावा, एसटी चुकंल."

एसटी गेली. रंगुबाईनं भाकऱ्या थापल्या, तवा उतरवला, हात धुतले. खिडकीबाहेर शेळी येऊन उभी राहिली होती.

"आलीस व्हय गं, बाय माझी?" रंगुबाईनं दोन नखांत कोंब अलगद खुडला आणि गजांतून तिच्या तोंडापुढं धरला. मग म्हसवडच्या दिशेला हात जोडले. "सिद्धनाथा, आणखी एक वरीस त्यास्नी बडीशेपच चघळू दे."