काडतुसाच्या यंत्राआधी

"यंत्र साधंच घे, एका वेळी एकच रिकामं काडतूस दारूनं भरणारं. आणि भरताना तोंड बंद. बोलण्याच्या नादात दारू दुप्पट पडली, तर बंदूक हातात फुटते." नाशिकच्या नेमबाजी क्लबातल्या वाघचौरेसरांचं हे बोलणं शर्वरीनं घरी जसंच्या तसं सांगितलं. परवाना आला होता. अडलं होतं ते बाबांच्या होकारावर.

बाबा हसले. "तू आणि गप्प? झोपेतसुद्धा बडबडतेस. आधी तासभर गप्प बसून दाखव, मग यंत्र घरात."

"बसेन. शब्द देते."

आईच्या रोजच्या तासाभराच्या मौनाची तिनं आजवर थट्टाच केली होती. दारावरची बेल वाजो, शेजारीण हाका मारो, आईचा ओठ हलत नसे. केवढी ही ताकद, हे तिला आत्ता कळत होतं.

दुसऱ्या दिवशी आई मौनाला बसली, तेव्हा शर्वरीनं आवाज न करता शेजारी पाट मांडला.