उजेडाची वायर

पवननं यूएसबीची वायर काढून ठेवली आणि दुसरी, बारीक काळी वायर कॉम्प्युटरच्या मागे खोचली. तिच्या मोकळ्या टोकाशी लाल उजेड दिसत होता. ते टोक त्यानं डबीत बसवलं.

"बाबा, हिच्यातून करंट जात नाई, नुसता उजेड जाते. आता घरघर येनार नाई."

उकंडराव बाजेवर बसले होते. रिठदच्या मळ्यातल्या त्या खोलीत तासभर त्यांनी जागा सोडली नव्हती. कॉम्प्युटरमधला आवाज साफ करून स्पीकरला देणारी ती डबी पवननं आईच्या आवाजासाठी मागवली होती. प्रयागबाईंना जाऊन चार महिने झाले होते. त्यांच्या आवाजातलं एकच गाणं उरलं होतं, भुलाबाईचं, आणि त्यात मेली ती घरघर.

गाणं सुरू झालं. घरघर तशीच.

पवन हिरमुसला. "डबीच खराब दिसते. बदलून मागवतो."

"डबी चांगली हाये. वायर बी चांगली हाये," उकंडराव म्हणाले. "ते आपली मोटर होय."

पवननं गाणं थांबवलं.

"तू पुन्यात होता. तुझी माय तुले पाठवाले फोनवर गानं भरत होती. मले म्हने, जरा मोटर बंद करा, पोराले नीट ऐकू जाऊ द्या. म्या म्हटलं, मोटरीची थ्री फेज लाइन आत्ताच आली, वांग्याले पानी होऊ दे. तू गाय, मोटर काय तुले खाते?" त्यांनी विहिरीकडे बोट दाखवलं. "दहा मिनिटं, पवन. दहा मिनिटं बंद नाई केली मी."

पवननं गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

तेवढ्यात थ्री फेज आली. विहिरीवरची मोटर ऑटोवर होती, ती आपली आपणच सुरू झाली.

उकंडराव अनवाणीच धावले. वांगी दोन दिवसांची तहानलेली होती. तरी त्यांनी स्टार्टरचं लाल बटण दाबलं आणि पाइपातलं पाणी थांबेपर्यंत तिथंच उभे राहिले.

धापा टाकत ते दारात आले. स्पीकरकडे बघून म्हणाले, "बंद केली वं. गाय आता."

प्रयागबाई गातच होत्या. त्यांच्या मागे मोटर चालूच होती.