कोझॅक! कोझॅक!

गुडघा गेला म्हणून अमेरिकन फुटबॉलच्या संघानं मंगळवारी कोझॅकला नारळ दिला. इतकी वर्षं प्रत्येक खेळी चालवणाऱ्या क्वार्टरबॅकच्या हातात चेंडू देणारा गडी तोच होता. रविवारी त्याच संघाचा सामना बघायला तो बायकोशेजारी, डार्लीनशेजारी, टीव्हीसमोर बसला.

चेंडू हलण्याआधी क्वार्टरबॅक ओरडला, "डेन्व्हर! डेन्व्हर!"

"खूण आहे ती. आता डावीकडून पळणार बघ," कोझॅक म्हणाला.

ते उजवीकडून पळाले.

"टेक्सास! टेक्सास!"

"आता लांब फेकणार."

चेंडू फेकलाच नाही.

डार्लीन हसली. "मेंदू गुडघ्यात होता की काय रे तुझा? गुडघ्याबरोबर तोही गेला!"

"अगं, सगळ्या खुणा बदलल्या त्यांनी. मी दुसऱ्या संघात जाऊन त्या फोडेन म्हणून."

तेवढ्यात आरोळी आली, "कोझॅक! कोझॅक!"

डार्लीन ताडकन उठली. "ऐकलंस? तुझं नाव! विसरले नाहीत रे तुला! काय अर्थ असेल त्याचा?"

पुढच्या खेळीआधीही तीच आरोळी आली, त्याच्या पुढच्याही. कोझॅक अगदी पडद्याजवळ सरकून आपल्या जुन्या गड्यांकडे बघत राहिला. एकानंही मान वळवली नाही, कुणी जागचं हललं नाही.

त्यानं टीव्हीचा आवाज बंद केला.

"सांग की! काय अर्थ?"

"समोरच्यांना फसवायला मध्येच एक शब्द ओरडायचा असतो," तो म्हणाला. "आपल्यातल्या कुणी त्याच्याकडे लक्ष द्यायचं नसतं."