पाहुणचार

उद्या माझ्या उमरला कॅनडातून मायदेशी परत पाठवणार, कोर्टाने आश्रयासाठीचं त्याचं अपीलही फेटाळलं. त्याची वकीलबाई फोनवर इंग्रजीत कारण सांगत होती, माझी नात हिबा मराठीत. "दादी, जबानीत तू म्हणालीस, गावाकडच्या पोलिसांनी चाचूचा चांगला पाहुणचार केला. ट्रान्सलेटरने लिहिलं, गुड हॉस्पिटॅलिटी. आईच असं सांगते, तर चाचूची टॉर्चरची गोष्ट खोटी ठरली." मी भडकले, "मेल्याला टोमणा कळत नाही? आमच्याकडे शेंबडं पोरही समजेल!" वकीलबाईने विचारलं, नेमकं काय झालं होतं? इथे आखातात, अल मजाजच्या या घरात घराण्याच्या अब्रूपायी ते मी पोरांसमोर कधीच उच्चारलं नव्हतं. आज सरळ बोलले, "नखं उपटली त्याची. महिनाभर मीच घास भरवले." हिबाने रडत ते वकीलबाईला इंग्रजीत सांगितलं, मग तिचं उत्तर मला. "दादी, कोर्ट फक्त जुनी फाइल बघतं. नवीन काही ऐकत नाही." "नवीन कसलं? नखं अजून वाकडीच येतायत."