भाच्याची तिसरी मागणी

"सीट अजून कुरकुरतेय," शार्शेन घडीच्या सायकलवरून उतरत म्हणाला. "चरबी आण गं जरा."

बुरुलनं मेंढीच्या चरबीची वाटी त्याच्यापुढे ठेवली. "या वयात माणसं घोड्यावरून उतरतात. आमचे हे सायकलवर चढताहेत."

"मग काय करू? पायी हिंडू?" त्यानं अंगणाच्या टोकाकडे बोट दाखवलं. तिथे तांबडी घोडी बांधलेली होती. तिच्या पुढच्या डाव्या पायाला लोकरीच्या नमद्याची जाड पट्टी गुंडाळलेली होती. भिंतीपलीकडून शेजारच्या कालिलनं हळहळून मान हलवली. कोच्कोरच्या अख्ख्या खोऱ्यात तशी घोडी नव्हती. तिची आजी बुरुलबरोबर माहेराहून आलेली.

सायकल सोव्हिएत काळातली, भंगारात पडलेली. शार्शेननं फारसा पैसा न मोडता तिचं सोनं केलं होतं. चाकं लहान, त्यामुळे प्रत्येक खड्डा थेट माकडहाडाला कळायचा. म्हणून त्यानं नातवाच्या जुन्या बाबागाडीच्या स्प्रिंगा सीटखाली बसवल्या आणि वर दुहेरी नमदा शिवला. हँडल ठेंगणं होतं, ते नळाच्या पाइपचा तुकडा घालून वर घेतलं. मुठींना मेंढीचं कातडं, मागे वाळुंजाची टोपली. टोपलीत घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा कॅन नेमका बसायचा. आता तिच्यावर बसून माणूस डुलकीसुद्धा काढू शकला असता.

"मस्त झालीय," कालिल म्हणाला. "पण उद्या तुझा भाचा येतोय ना?"

"येऊ दे. भाचा नाही, भाच्याचा बाप आला तरी ही देणार नाही!"

"तोंड सांभाळ, शार्शेन. भाच्यानं मामाकडे तीनदा हवं ते मागावं आणि मामानं निमूट द्यावं. वाडवडिलांची रीत आहे. भाच्याला नाराज केलं की हात थरथरायला लागतात."

"थरथरू देत! पहिल्यांदा शिकारी कुत्रा नेला. दुसऱ्यांदा माझ्या बापाचं चांदीचं खोगीर नेलं. भाचा येण्यापेक्षा सात लांडगे परवडले म्हणतात, ते उगाच नाही. साऱ्या गावाला सांग, यावेळी शार्शेन नाही म्हणणार आहे!"

कालिलनं अर्थातच साऱ्या गावाला सांगितलं. त्याला सांगावं लागतं, असं थोडंच होतं?

एल्दियार दुसऱ्या दिवशी दुपारी नारिनहून आला. शर्यतींचं वेड असलेला, उंचापुरा पोरगा. खोगीर मिळाल्यापासून त्याला शोभेल असं जनावर तो शोधत होता. वसंतात तांबडीचे दातही तपासून गेला होता. आल्या आल्या तो तिच्याजवळ उकिडवा बसला आणि डाव्या पायावरच्या पट्टीवरून हात फिरवला.

"फार दुखतंय का हिला, मामा?"

"आता हिच्यावर खोगीर चढायचं नाही. नशीब माझं."

बुरुल घाईनं चहाचा वाडगा घेऊन पुढे झाली.

मग एल्दियारची नजर सायकलवर गेली. तसा शार्शेन धावतच आडवा आला. "हात लावायचा नाही! आधीच सांगतो. तुझ्या आईनं येऊन पदर पसरला तरी मिळणार नाही!"

त्यानं सायकलची घडी केली आणि आत नेऊन गाद्यांच्या ढिगामागे कोंबली. त्याच खोलीत भाचा झोपला.

सकाळी एल्दियार चहाला बसला, तेव्हा शार्शेन बाहेरून आला. त्याचे बूट गुडघ्यापर्यंत दवानं भिजले होते, गालांवर लाली होती.

"सायकलवर फेरी मारून आलो," तो म्हणाला. "काय सीट आहे! लोण्यावर बसल्यासारखं वाटतं."

एल्दियारनं एकदा गाद्यांच्या ढिगाकडे पाहिलं आणि तळलेला बोरसोक जॅममध्ये बुडवला.

निघताना तो घोडीपाशी थांबला. पुढच्या उजव्या पायाच्या पट्टीवर नवी घट्ट गाठ होती. त्यानं तिला पाव भरवला, मानेवर थोपटलं. बुरुल दूध काढता काढता थांबली. कालिलसह चारपाच डोकी भिंतीवरून डोकावत होती. त्यांना काहीही चुकवायचं नव्हतं.

"मामा, माझी तिसरी मागणी," एल्दियार मोठ्यानं म्हणाला. "शेवटची."

"नाही म्हणून सांगितलंय ना!"

"सायकल द्या."

शार्शेननं डोक्यावरची टोपी काढून जमिनीवर आपटली. "लुटारू मेला! कुत्रा झाला, खोगीर झालं, आता म्हाताऱ्याच्या बुडाखालची सीटसुद्धा पाहिजे! आग लागो त्या रीतीला!"

"शार्शेन, हात थरथरतील," भिंतीवरून कालिल म्हणाला.

"ने! ने, आणि माझ्या पाठीचा मणकाही टोपलीत घालून ने!" तो आत गेला, सायकल आणून भाच्यापुढे आदळली आणि तोंड फिरवून उभा राहिला. बुरुलनं डोक्यावरच्या रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं. रीत पाळली गेली, म्हणून भिंतीवरची डोकी समाधानानं आपापल्या घरी गेली.

एल्दियारनं सायकल उलगडली, सीटवर बसून दोनदा हिसके दिले. अजिबात कुरकुर नाही. फाटकापर्यंत जाऊन त्यानं एक पाय जमिनीला टेकवला आणि मागे वळून हळूच म्हणाला,

"मामी, आता सोडा ती पट्टी. काल डाव्या पायाला होती."