अर्ध्या तासाच्या आत

"पहिलं नाव कोणाचं घालू?" वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापक बाईंनी फॉर्म पुढे ओढला. "रात्री-अपरात्री काही झालं तर आम्ही त्या नावाला फोन करतो. त्या माणसाने अर्ध्या तासाच्या आत इथे पोचायचं, तशी सही द्यायची. असं कोणी नसेल तर संस्थाच दवाखान्यात नेते आणि घरच्यांना नंतर कळवते."

टेबलाच्या अलीकडे तिघं बसली होती. मधे बाबा, एका बाजूला मुलगी, दुसऱ्या बाजूला मुलगा. बाबांची बॅग पायाशी होती. दोन महिन्यांत दोनदा बाथरूममध्ये पडल्यावर इथे यायचं ठरलं, तेव्हा त्यांनी हूं की चूं केलं नव्हतं. आत्ता मात्र त्यांना फार वाटत होतं की दोघांपैकी कोणीतरी पटकन म्हणावं, माझं घाला.

दोघांनी फोन काढले.

या भावाबहिणीचं नकाशावरून जुनंच वाजत असे. त्याच्या फोनमध्ये एक ॲप, तिच्या फोनमध्ये दुसरं, आणि आपलंच लवकर पोचवतं यावर दोघंही अडून बसलेली. लग्नाला निघाली तरी तेच, बाजाराला निघाली तरी तेच. अहो, आईला स्मशानात न्यायचं होतं तेव्हासुद्धा पुढच्या सीटवर याच गोष्टीवरून जुंपली होती, आणि बाबा मागे बसून होते.

मुलाने पत्ता टाकला. त्याच्या घरापासून सव्वीस मिनिटं. त्याने फोन टेबलावर पालथा घातला.

"ताई, तुझ्यात बघ गं, माझ्या घरापासून किती येतंय?"

"चौतीस."

"हां, तेच बरोबर. तुझं ॲप ट्रॅफिक नीट धरतं. माझं आपलं काहीतरी ठोकून देतं."

बाबांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत ताईच्या ॲपला त्याने कधी बरं म्हटलं नव्हतं.

"मग माझं तुझ्यात बघ," मुलगी म्हणाली. तिच्या स्वतःच्या फोनवर अठ्ठावीस आलं होतं. बाबांना ते शेजारून स्वच्छ दिसत होतं.

"पस्तीस."

"बघा ना बाई, दोघांनाही जमण्यासारखं नाही. आणि त्याचंच खरं हो. माझं मेलं नाल्यातूनसुद्धा गाडी घालायला सांगतं."

बाई गोंधळल्या. "मग धरायचं कोणाचं?"

"माझ्या घराला ताईचं," मुलगा म्हणाला.

"आणि माझ्या घराला ह्याचं," मुलगी म्हणाली.

बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि नजर फॉर्मवर नेली.

बाबांनी एकतीस वर्षं बेकरीची गाडी चालवली होती. या भागातल्या दुकानांना पहाटेचा पाव त्यांनीच पोचवला होता. दोन्ही फोन चुकत होते, हे त्यांना फोन न बघताच कळत होतं. गोदामांच्या मागून आलं तर दोघांच्याही घरापासून फार तर वीस मिनिटं. ते अगदी ओठावर आलं होतं. पण मुलगा पालथ्या फोनवर हात ठेवून बसला होता, मुलगी पर्सची चेन उघडत होती, लावत होती. बाबांना वाटलं, मी बोललो तर एकाचं नाव लागेल, आणि मग दर वेळी फोन वाजला की ते पोर आधी कपाळाला हात लावेल. तसं येण्यापेक्षा न आलेलं बरं.

"संस्थेचंच घाला," ते म्हणाले. "रस्ता फार वाईट आहे."

"आम्ही येतच राहू हो, बाबा," मुलगी घाईघाईने म्हणाली. मुलाने खुर्ची मागे सारली.

तिघं फाटकापाशी आली तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. गाडी एकच होती, मुलाची. मुलीने सवयीने फोन पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. मुलानेही आपला पाहिला. दोन्हीकडे सगळा रस्ता लाल. पन्नास मिनिटं, बावन्न मिनिटं.

"सहाला माझ्या छकुलीचा क्लास सुटतो," ती म्हणाली. "तिथे ती एकटी उभी राहील हो, बाबा. आठ वर्षांचं पोर."

ते ऐकल्यावर बाबांना मग काही आठवलं नाही, फॉर्म नाही की बाई नाहीत.

"घाबरू नकोस. हे बघ रे, इथून डावीकडे वळ. गोदामं लागतील, त्यांच्या मागून सरळ जा. रेल्वेच्या पुलाखाली थोडं पाणी असतं, भिऊ नकोस, गाडी निघते. बाहेर पडलास की थेट ताईच्या चौकात. वीस मिनिटांत पोचाल. तिथून उजवीकडे वळलास की तुझं घर आलंच."

"नक्की ना, बाबा?"

"नक्की. जा आता, पोर वाट बघत असेल."

गाडी डावीकडे वळून दिसेनाशी झाली. बाबा फाटकाला धरून उभे राहिले. त्यांची बॅग घेऊन बाई मागे केव्हा आल्या होत्या, त्यांना कळलं नाही. बाईंनी सगळं ऐकलं होतं.

"काका," त्या हळूच म्हणाल्या, "वीसच मिनिटं असतील तर फॉर्म अजून आत गेलेला नाही. कोणाचं तरी नाव लिहू का?"

बाबांनी मान हलवली.

"राहू द्या, बाई. लांब राहतात दोघं."